मॅगपाय मॅगपाय नव्हे, टायगर टायगर नव्हे

ऑस्ट्रेलियात पोचलेल्या इंग्रजांनी तिथल्या जनावरांना नावं देताना डोक्याला फारसा ताप करून घेतलेला दिसत नाही. काळापांढरा पक्षी दिसला, झाला मॅगपाय. दक्षिणेच्या टास्मानिया बेटावर पाठीवर पट्टे असलेलं जनावर दिसलं, झाला टायगर. त्याच जनावराला कुणी लांडगा म्हटलं, कुणी झेब्रा-लांडगा, कुणी सरळ तरस. शास्त्रज्ञांचाही पहिला नेम चुकलाच. जॉन लॅथमने १८०१ साली मॅगपायला नीलपंखांच्या गटात बसवलं. जॉर्ज हॅरिसने १८०८ साली टास्मानियाच्या 'टायगर'ची भरती अमेरिकेतल्या ऑपॉसम या पिशवीवाल्या प्राण्यांच्या गटात केली.

पुढे दुरुस्त्या झाल्या. पक्ष्याचं आजचं शास्त्रीय नाव जिम्नोऱ्हायना टिबिसेन. टिबिसेन म्हणजे बासरीवाला, आणि हे नाव मात्र अगदी नेमकं आहे. जनावराचं नाव थायलसायनस सायनोसेफॅलस, म्हणजे कुत्र्याच्या तोंडाचा पिशवीवाला. त्याला इथे थायलसिनच म्हणतो, 'टायगर' म्हटलं की मनात नको ते चित्र येतं. युरोपातला मॅगपाय कावळ्याच्या कुळातला. ऑस्ट्रेलियाचा मॅगपाय बुचरबर्ड आणि करॉवाँग या तिकडच्याच पक्ष्यांचा भाऊबंद. मॅगपाय-रॉबिन, म्हणजे आपला दयाळ, या दोघांपैकी कुणाचाच जवळचा नातेवाईक नाही.

ऑस्ट्रेलियाचा मॅगपाय आणि थायलसिन यांची तुलना सहसा एका ओळीत उरकतात: एक घरोघरी दिसतो, दुसरा संपला. ती तुलना खोटी नाही, पण तिच्यातून हाती काही लागत नाही. एकाच बेटावर, एकाच शतकात, एकाच मेंढपाळीने एकाचं भलं केलं आणि दुसऱ्याचा निकाल लावला. ते कसं झालं हे कळायचं तर दोघांची शरीरं, पिल्लं वाढवण्याच्या रीती आणि खाणं शेजारीशेजारी ठेवून बघावं लागतं.

आधी वजन, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली होती. मॅगपायचं वजन २२० ते ३५० ग्रॅम, लांबी ३७ ते ४३ सेंटिमीटर. पक्षी जाळीत धरायचा, कापडी पिशवीत घालून काट्याला टांगायचा, आकडा लिहायचा आणि सोडून द्यायचा. शंका आली तर पुन्हा धरायचा. थायलसिनचं मात्र कित्येक वर्षं २९.५ किलो हे सरासरी वजन पुस्तकापुस्तकांतून फिरत होतं. प्रत्यक्ष वजन करून लिहिलेल्या नोंदी थोड्या, आणि शिकाऱ्याने मारलेलं जनावर सांगताना वाढतं हे काही नवीन नाही. २०२० साली संग्रहालयांतले सांगाडे आणि पेंढा भरलेले नमुने त्रिमितीत स्कॅन करून शरीराच्या आकारमानावरून वजन काढलं, तेव्हा सरासरी निघाली १६.७ किलो. नर सुमारे १९.७, मादी १३.७. म्हणजे एका थायलसिनच्या वजनात पन्नास-पंचावन्न मॅगपाय बसतील, शंभर नाहीत.

बारा-तेरा किलोंचा हा फरक किरकोळ वाटतो, पण त्यावर मेंढ्या मारल्याचा एक आख्खा खटला उभा आहे. मांसाहारी सस्तन प्राण्यांत साधारण २१ किलोंच्या आसपास एक उंबरठा दिसतो. त्याच्या वरचे प्राणी आपल्याएवढी किंवा आपल्याहून मोठी शिकार करतात, त्याच्या खालचे बहुतेक लहान सावजांवर भागवतात. २९ किलोंचा थायलसिन मोठ्या मेंढीवर झेप घेताना डोळ्यांपुढे आणता येतो. १४ किलोंची मादी तसं करताना आणता येत नाही. २०११ साली जबड्यावर येणाऱ्या ताणाची संगणकावर गणितं केली गेली. त्यांतूनही हेच निघालं की हा जबडा पाचेक किलोंपर्यंतच्या सावजासाठी ठीक, मोठ्या धडपडणाऱ्या जनावरासाठी कच्चा. तोंड मात्र विलक्षण उघडायचं, जुन्या वर्णनांत ऐंशी अंशांपर्यंत. बघणाऱ्याच्या लक्षात राहिला तो आ वासलेला जबडा. त्याची ताकद कुणी मोजली नव्हती.

एकच बिजागरी

पक्षी आणि सस्तन प्राणी यांचे पूर्वज सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. म्हणून मॅगपाय आणि थायलसिन यांच्यात काही सारखं दिसलं की पहिला प्रश्न हा: हे त्या जुन्या पूर्वजाकडून आलंय, की दोघांनी स्वतंत्रपणे कमावलंय? उष्ण रक्त स्वतंत्रपणे कमावलेलं. चार हातपाय आणि पाठीचा कणा वारशाने आलेले. हा प्रश्न न विचारता केलेली तुलना म्हणजे नुसती यादी.

वारशाचं एक उदाहरण मात्र मला फार आवडतं. मॅगपायची खालची चोच जिथे कवटीला जोडलेली असते तिथे दोन हाडांचा सांधा असतो, क्वाड्रेट आणि आर्टिक्युलर. सरपटणाऱ्यांतही तोच. सस्तन प्राण्यांत ही दोन हाडं जबड्यातून सुटली, आक्रसली आणि कानात जाऊन बसली. शाळेत शिकलेल्या हातोडी, ऐरण, रिकीब या तिघांतली ऐरण म्हणजे जुनं क्वाड्रेट आणि हातोडी म्हणजे आर्टिक्युलर. रिकीब मॅगपायकडेही आहे, पण त्याच्या मधल्या कानात तेवढं एकच हाड.

शिशुधानी, म्हणजे थायलसिन-कांगारूंसारख्या पिशवीवाल्या, प्राण्यांचं पिल्लू जन्मतं तेव्हा इतकं अपुरं असतं की त्याचा सस्तन पद्धतीचा जबड्याचा सांधा तयारच झालेला नसतो. पण आईच्या स्तनाला धरायला तोंड तर हलवावं लागतं. ते हलतं हातोडी आणि ऐरणीच्या सांध्यावर. म्हणजे पिशवीतलं पिल्लू पहिले काही दिवस जी बिजागरी वापरतं, तीच मॅगपाय जन्मभर वापरतो. नंतर नवा सांधा बनतो आणि जुनी हाडं कानाकडे सरकतात. थायलसिन याला अपवाद असायचं काहीच कारण नाही.

पिल्लं: खर्च कुणाचा, किती दिवस

मॅगपायमध्ये घरटं मादी बांधते. बाहेरून काटक्या, आतून गवत, केस, लोकर. जवळपास कुंपणाच्या तारेचे तुकडे पडले असतील तर तेही विणले जातात. अंडी २ ते ५, निळसर-हिरवट, तपकिरी डागांची. उबवायला सुमारे २० दिवस, तेही मादीच्याच अंगावर. पिल्लं चारेक आठवड्यांनी घरट्याबाहेर पडतात, पण त्यानंतरही कित्येक आठवडे मोठ्यांच्या मागे ओरडत फिरतात.

इथे माणसं एक चूक हमखास करतात. घरट्यातून उतरलेलं पिल्लू जमिनीवर असतं, शेपूट आखूड, पिसं मळकट करडी, उडणं जेमतेम. लोक ते 'अनाथ' समजून घरी नेतात आणि खिमा भरवतात. आईबाप बहुधा वीस पावलांवर असतात. नुसत्या खिम्यात कॅल्शियम नसल्यासारखंच, त्यामुळे पिल्लाची हाडं मऊ राहतात. पिल्लाच्या अंगावर पिसं असतील, ते पाय घट्ट रोवून उभं राहत असेल आणि जखम नसेल, तर त्याला मांजर-कुत्र्यापासून दूर जवळच्या झुडपात ठेवायचं आणि आपण बाजूला व्हायचं. लांबून तासभर नजर ठेवली की मोठा पक्षी चोचीत काहीतरी घेऊन उतरताना दिसतो.

थायलसिनच्या मादीची पिशवी मागच्या बाजूला उघडायची. चार पायांवर झुडपातून पळणाऱ्या जनावराला ते सोयीचं, पुढून उघडी असती तर माती आणि काटेच भरले असते. आत स्तन चार, त्यामुळे पिल्लं चाराच्या वर जगणं शक्य नाही. नरालाही पिशवीसारखी एक घडी होती आणि अंडकोश तिच्या आड असायचे. पिल्लं साधारण तीन महिने पिशवीत, मग आई त्यांना गुहेत किंवा दाट झुडपात ठेवून शिकारीला जायची.

ही माहिती एवढीच का, तर बंदिवासात थायलसिनची वीण यशस्वी झाली ती एकदाच, १८९९ साली मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात. बाकी सगळं शिकाऱ्यांचं बोलणं आणि संग्रहालयांतल्या बरण्या. त्या बरण्यांतली पिशवीतली पिल्लं २०१८ साली सीटी स्कॅनखाली गेली तेव्हा दोन गोष्टी कळल्या. लहानपणी ती बाकीच्या शिशुधानी पिल्लांसारखीच दिसतात, पुढचे पाय दणकट, मागचे बारके. कुत्र्याचा घाट येतो तो पिशवी सोडायच्या सुमारास. आणि थायलसिन म्हणून जपलेल्या बरण्यांपैकी दोन थायलसिनच्या निघाल्याच नाहीत. बरणीवरच्या चिठ्ठीवर शंभर वर्षं सगळ्यांनी विश्वास ठेवला होता.

आता हे दोन हिशेब एकमेकांना लावून बघा. मॅगपायची जोडी एखाद्या वर्षी अपयशी ठरली तर पुढच्या वर्षी पुन्हा अंडी. शिवाय जिथे राहायला जागा चांगली असते तिथे हद्द न मिळालेल्या पक्ष्यांचे थवे आसपास ताटकळत असतात. हद्दीतला एखादा मोठा पक्षी मेला की त्याची जागा थव्यातला कुणीतरी भरतो. हा राखीव साठाच मॅगपायचा खरा विमा आहे. थायलसिनकडे असा साठा मुळातच बारीक होता, कारण मोठ्या शिकारी प्राण्यांची दाटी कुठेच फार नसते. आणि पिशवीत पिल्लं असलेली एक मादी मारली की एका फासात तीन-चार जीव जातात.

व्हॅन डीमेन्स लँड कंपनीला हे गणित पक्कं ठाऊक असावं. टास्मानियाच्या वायव्येला या कंपनीच्या मेंढ्या चरायच्या आणि तिने १८३० साली लावलेलं बक्षीस नराला ५ शिलिंग, मादीला ७ शिलिंग असं होतं. आजचा कुठलाही संवर्धनवाला हेच गणित उलट्या दिशेने मांडतो.

मेंढ्या आल्या तेव्हा

मेंढ्यांसाठी जंगल तोडलं की काय उरतं? आखूड गवत, मधूनमधून एकेकटी मोठी झाडं, पाण्याची सोय. मॅगपायला स्वतःचं नकाशावर चित्र काढायला सांगितलं असतं तर त्याने हेच काढलं असतं. घरट्याला झाड, चरायला मोकळी जमीन. त्यात कुरणाच्या मुळांशी हुमणी, म्हणजे भुंगेऱ्यांच्या अळ्या.

मॅगपाय हुमणी कशी काढतो ते जवळून बघण्यासारखं आहे. तो चिमणीसारखा टुणटुणत नाही, पावलं टाकत चालतो. चार-पाच पावलं, मग थांबतो. मान एका बाजूला कलंडते, डोकं जमिनीजवळ जातं, क्षणभर काहीच हलत नाही. मग चोच एकदम खाली, कधी डोळ्यांपर्यंत मातीत, आणि पांढरी अळी बाहेर. बघणाऱ्याला वाटतं त्याला काही दिसलं. प्रयोगांत असं दिसलं की तो ऐकून शोधतो, अळीच्या हालचालीचा आवाज बंद केला की त्याचा नेम जातो. गवत उंच आणि जमीन कडक असेल तर ही युक्ती चालत नाही. मेंढ्या गवत आखूड ठेवतात. त्यांनी मॅगपायसाठी फुकटात केलेली ही चाकरी कुणी हिशेबात धरत नाही.

थायलसिनला लागायचं ते वेगळं: दिवसा दडायला दाट झाडी, आणि तिला लागून मोकळं रान, जिथे संध्याकाळी वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, आणि लहान प्राणी चरायला येतात. कुरणं वाढली तेव्हा तीच मोकळी रानं आधी मेंढ्यांकडे गेली. वॉलबी आणि झाडांवर राहणारे पॉसम यांच्या कातडीचा धंदा जोरात होता आणि त्यांच्यासाठी लावलेल्या फासांत थायलसिनही अडकायचे. मोकाट कुत्रे वाढले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक साथीचा रोगही पसरला. आणि या सगळ्यावर बक्षीस.

मेंढ्या मेल्या हे खरं. पण मोकाट कुत्री, मेंढ्यांची चोरी, थंडी-पावसात नीट न राखलेले कळप ही कारणं मालकाला भागधारकांपुढे मांडायला अवघड. पट्टेवाल्या जनावराचं नाव घेणं सोपं. १८८६ साली टास्मानियाच्या विधिमंडळात सरकारी बक्षिसाचा ठराव आला आणि १२ विरुद्ध ११ मतांनी पास झाला. एक मत. १८८८ ते १९०९ या काळात मोठ्या जनावराला १ पौंड आणि पिल्लाला १० शिलिंग या दराने २,१८४ बक्षिसं दिली गेली. विसावं शतक उजाडल्यावर काही वर्षांतच आकडे एकदम कोसळले. नुसत्या बंदुकीने आकडे असे कोसळत नाहीत. रोगाचा हात होता असं अभ्यासक म्हणतात ते यामुळेच. १९२६ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने आपला शेवटचा थायलसिन विकत घेतला तो १५० पौंडांना.

१९२१ साली छापून आलेला, तोंडात कोंबडी धरलेल्या थायलसिनचा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. 'बघा, कोंबडीचोर.' मूळ फोटोत कुंपण दिसतं, छापताना ते कापून टाकलं. ते जनावर जिवंत नसून पेंढा भरलेलं होतं असंही एका अभ्यासकाचं मत आहे.

रानातला शेवटचा नक्की नोंदलेला थायलसिन १९३० साली टास्मानियातल्या मॉबॅना इथे गोळी घालून मारला गेला. कायद्याने पूर्ण संरक्षण मिळालं १० जुलै १९३६ रोजी. होबार्टच्या बोमॅरिस प्राणिसंग्रहालयातला शेवटचा थायलसिन मेला ७ सप्टेंबर १९३६ रोजी, म्हणजे ५९ दिवसांनी. त्याला 'बेंजामिन' म्हणायची प्रथा आहे, तिला आधार नाही. शेवटचं जनावर म्हातारी मादी होती आणि तिचे अवशेष होबार्टच्याच संग्रहालयाच्या कपाटात पडून होते, हे २०२२ साली उघड झालं. फासात धरणं तोवर बेकायदा झालं होतं, त्यामुळे ती आली याची नोंद गाजावाजा करून कुणी केली नव्हती.

मुख्य भूमीवरून थायलसिन सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच गेला होता, हे तुलनेत विसरू नये. डिंगो हा रानकुत्रा, माणसांची वाढती संख्या, हवामान, यांत कुणाचा वाटा किती यावर वाद आहे. डिंगो टास्मानियात पोचलाच नाही, कारण तो ऑस्ट्रेलियात येण्याच्या कितीतरी आधी मधली जमीन समुद्राखाली गेली होती. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या आर्नहेम लँडमधल्या खडकांवर थायलसिनची चित्रं आहेत. दक्षिणेकडच्या नलारबॉर मैदानातल्या एका गुहेत १९६६ साली त्याचं वाळून टिकलेलं धूड सापडलं, केसांसकट. मॅगपाय या सगळ्यातून तरला. पण तोही कुठेही, कसाही तरतो असं समजायचं कारण नाही: ऑस्ट्रेलियातल्या पक्षीगणनेने २०१५ साली पूर्व किनाऱ्यावर त्याची संख्या घटत असल्याचं नोंदवलं आहे.

कवटी हातात आली तर

थायलसिन आणि कुत्रा यांच्या कवट्या इतक्या सारख्या की प्राणिशास्त्राच्या परीक्षेत विद्यार्थ्यांना पाडायला तीच ठेवतात. वरून बघून निर्णय देणारा फसतो. उलटी करायची.

टाळूवर मागच्या बाजूला दोन मोठी भोकं दिसली तर शिशुधानी. कुत्र्याची टाळू तिथे सलग असते. मग दात. वरच्या जबड्यात पुढचे दात प्रत्येक बाजूला चार असतील तर थायलसिन, तीन असतील तर कुत्रा. पुढचे दात गळालेले असतील तर दाढा मोजाव्यात: थायलसिनला प्रत्येक बाजूला वर-खाली चार-चार, कुत्र्याला वर दोन आणि खाली तीन. एकूण दात थायलसिनचे ४६, कुत्र्याचे ४२. शेवटी खालच्या जबड्याचा मागचा कोपरा. शिशुधानींमध्ये तो आतल्या बाजूला वळलेला असतो, बोट फिरवलं तरी कळतं. जुन्या कवटीची टाळू फुटलेली असते आणि तुटलेल्या कडेलाच भोक समजण्याची चूक होते, म्हणून एका खुणेवर थांबू नये.

मॅगपाय आणि युरोपातला मॅगपाय यांचं साम्य रंगाशीच संपतं. शेपटी, पाय, चोच, चाल, सगळं वेगळं. थायलसिन आणि लांडग्याचं साम्य हाडापर्यंत गेलेलं आहे. १९०९ साली दारूत ठेवलेल्या एका पिल्लापासून थायलसिनचा जनुकसंच वाचला गेला आणि २०१७ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा अपेक्षा होती की लांडग्यातले आणि याच्यातले तेच ते जीन तसेच बदललेले सापडतील. प्रथिनं घडवणाऱ्या जीनमध्ये तसं काही खास मिळालं नाही. जीन कधी आणि किती चालू करायचे हे ठरवणाऱ्या भागांकडे मग लक्ष गेलं. डोकं एकसारखं, पण तिथे पोचायच्या वाटा दोन.

आवाज

सस्तन प्राण्याचा आवाज घशातल्या स्वरयंत्रातून निघतो. पक्ष्याचा सिरिंक्समधून, आणि हा अवयव खाली छातीत, जिथे श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथे असतो. गाणाऱ्या पक्ष्यांत दोन्ही फाट्यांचे स्नायू स्वतंत्र चालतात, त्यामुळे एकाच वेळी दोन सूर काढता येतात. मॅगपायचा आवाका चार सप्तकांपर्यंत जातो असं त्याच्या अभ्यासकांनी नोंदवलंय.

ऐकायला गेलात तर तीन आवाज वेगळे करायला शिका. पहाटे दोघं-तिघं मिळून, मान मागे टाकून, चोच आभाळाकडे करून मोठ्याने गातात, हे हद्दीचं गाणं. शेजारच्या टोळीला ऐकू जावं म्हणून. एकटाच पक्षी, चोच जेमतेम उघडी, हळू आवाजात बराच वेळ गुणगुणत बसला तर तो स्वतःशी गातोय. त्यात दुसऱ्या पक्ष्यांच्या, कुत्र्याच्या, घोड्याच्याही नकला सापडतात. आणि आखूड, खरखरीत, तुटक ओरडणं म्हणजे धोक्याची सूचना.

ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये हा तिसरा आवाज डोक्यावर ऐकू आला तर गाणं ऐकणं बंद करून वाट बदला. अंगावर येणारे नर दहातला एखादाच. घरट्यात पिल्लं असतात ते सहाएक आठवडे, आणि घरट्यापासून शंभरेक मीटरपर्यंत हा प्रकार चालतो. पळायचं नाही, सायकल असेल तर उतरून चालायचं, डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर टोपी किंवा छत्री. काठी किंवा दगड उगारू नये. तो चेहरे लक्षात ठेवतो, आणि पुढच्या वर्षीही तुमची वाट तीच असते. सायकलच्या हेल्मेटवर प्लास्टिकच्या पट्ट्या उभ्या करून फिरणारे खूप दिसतात. त्याने पक्षी खरंच थांबतो का, यावर एकमत नाही. टास्मानियातले मॅगपाय या बाबतीत बरेच सौम्य मानले जातात.

थायलसिनच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रा नाही. आहेत ती वर्णनं: शिकार करताना लहान कुत्र्यासारखा तुटक दुहेरी भुंकार, चिडल्यावर फिस्कारणं, कधी खोकल्यासारखा आवाज. मॅगपायच्या नकलांत तो कुठेतरी उरला असेल का, असं कुणीतरी विचारतंच. नक्कल शिकून घ्यावी लागते. मूळ आवाज गेला की पुढची पिढी मागच्या पिढीची नक्कल शिकते, तीही वाटेत बदलत जाते. नव्वद वर्षांनंतर त्यात भुंकणं ऐकू आलंच, तर ते कुत्र्याचं असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

थायलसिन परत आणण्याच्या गाजलेल्या प्रकल्पाकडे हेच लक्षात ठेवून बघावं. मेलबर्न विद्यापीठातले संशोधक आणि कलॉसल ही अमेरिकन कंपनी २०२२ पासून यावर एकत्र काम करत आहेत. सुरुवात ज्याच्या पेशींपासून करायची तो डनार्ट हा उंदराएवढा, पंधराएक ग्रॅमचा शिशुधानी. आकाराचा फरक ऐकून लोक हसतात, पण शिशुधानी पिल्लू जन्मतानाच तांदळाच्या दाण्यासारखं असतं, तेव्हा गर्भाशयाची अडचण वाटते तितकी मोठी नाही. अडचण पुढची आहे. मॅगपायचं पिल्लू हद्द, गाणं आणि हुमणी शोधणं मोठ्यांच्या मागे फिरून शिकतं. थायलसिनचं पिल्लू आईच्या मागे फिरून काय शिकायचं, ते कुठल्याही जनुकसंचात लिहिलेलं नाही.

उरलेला पुरावा म्हणजे काळ्यापांढऱ्या फिल्मची सगळी मिळून तीनेक मिनिटं. त्यातली डिसेंबर १९३३ ची, प्राणितज्ज्ञ डेव्हिड फ्ले यांनी घेतलेली, सगळ्यात चांगली. बघताना पट्ट्यांकडे बघू नका, ते तर सगळ्यांनाच दिसतात. मागच्या पायाची टाच बघा, ती किती खाली आहे. शेपटीचं बूड बघा. कुत्र्याची शेपटी कमरेला जोडल्यासारखी दिसते, याची कमरच निमुळती होत शेपटी बनते, त्यामुळे वळताना सगळं मागचं अंग ताठ वळतं. टास्मानियात थायलसिन दिसल्याचे निरोप अजून येतात. त्यांतले बरेचसे खरूज झालेल्या कुत्र्याचे किंवा अंगावर पट्टे असलेल्या पाळीव कुत्र्याचे निघतात, कारण सांगणाऱ्याने पट्टे पाहिलेले असतात आणि टाच पाहिलेली नसते.